वडिलांच्या माघारी माळ्यावर दुनळी बंदूक सापडली, काय करू?

वर्तकनगरवाला
आमची इमारत पुनर्विकासाला गेलीय, ३० तारखेपर्यंत घर रिकामं करायचंय. रविवारी माळा उपसताना टाकीमागे आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबडं हाताला लागलं. मला वाटलं पडद्याचा रॉड. उलगडलं तर बारा बोरची दुनळी! शेजारी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ९ काडतुसं. लाल प्लॅस्टिकची, बुडाचं पितळ हिरवं पडलेलं.

वडील मार्चमध्ये गेले. गावी, संगमेश्वराकडे, वानर-डुकरांसाठी त्यांचा शेतीसंरक्षणाचा परवाना होता हे माहीत होतं. घर बंद केलं तेव्हा बंदूक तिथेच जमा केली असेल असं आम्ही धरून चाललो. ठाण्याला कधी आणली देव जाणे. पुस्तिकाही सापडली. रत्नागिरी जिल्हाधिकाऱ्यांचा शिक्का, शेवटचं नूतनीकरण ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत.

मेव्हणा म्हणतो, रात्री गायमुखला जाऊ, खाडीत टाकू, विषय संपला. बायको म्हणते गाडीत घालून गावी नेऊन द्या. मला दोन्हीची धास्ती वाटतेय. सामान हलवणारी पोरं शुक्रवारी येणार आहेत. कुणाला अनुभव?

निवृत्त_अंमलदार
मेव्हण्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. बंदूक खाडीत गेली तरी रत्नागिरीच्या दप्तरात ती तुमच्या वडिलांच्या नावावरच राहणार. उद्या पत्र आलं की "कुठे आहे?" याला उत्तर काय देणार, भरतीला वाहून गेली?

गावीही नेऊ नका. शेतीसंरक्षणाचा परवाना त्या भागापुरता असतो, आणि तुमच्या नावावर तर कुठलाच नाही. वाटेत नाकाबंदीला डिकी उघडायला लावली की तुम्ही विनापरवाना शस्त्र बाळगणारे. २०१९च्या दुरुस्तीनंतर त्याला २ ते ५ वर्षं आणि दंड, आधी १ ते ३ होती. परवाना संपलाय म्हणून सूट मिळेल या भ्रमात राहू नका.

तुमची वाट शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम २१ मध्ये आहे. बाळगण्याचा हक्क संपला, कारण कुठलंही असो, की विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात शस्त्र जमा करायचं. जवळच्या, लक्षात घ्या. रत्नागिरीच्या नाही. जमा न करणं हा पुन्हा वेगळा गुन्हा.

आधी रिकाम्या हाताने जा. अर्ज दोन प्रतींत, एकीवर पोच. त्यात मृत्यूदाखला, परवाना क्रमांक, बंदुकीचा क्रमांक, काडतुसं किती, कुठे आणि कधी सापडली. मग ते सांगतील तसं, घरी येऊन घेतील किंवा घेऊन या म्हणतील. तोवर घोड्याला, चापाला हात लावू नका. नळीत काही आहे का हे बघण्याचा उत्साह तर मुळीच नको.

आणि एक. कोर्टात "माहितीनिशी ताबा" हा मुद्दा मोठा असतो. रविवारपर्यंत तुम्हाला खरंच माहीत नव्हतं. पण आता इथे लिहिलंत, म्हणजे माहीत झालं. घड्याळ सुरू आहे.

ऐरोलीकर_मावशी
सासऱ्यांच्या बंदुकीच्या वेळी आम्ही हेच केलं. तीन खेपा झाल्या. पहिल्यांदा साहेब नाहीत, दुसऱ्यांदा "परवान्याची मूळ प्रत आणा". तिसऱ्या खेपेला जमा झाली, पण पावतीवर फक्त "एक बंदूक". काडतुसांचा उल्लेखच नाही! ह्यांनी तिथे पाहिलं नाही. दीड वर्षाने विकायला काढली तेव्हा काडतुसं नेमकी किती होती यावरून पत्रव्यवहाराचा ढीग झाला. काडतूसही परवान्याचीच वस्तू आहे हो, सुटं एक असलं तरी. पावती हातात आली की खुर्चीवरून उठायच्या आधी वाचायची.

टेक्सासचा_सागर
इकडे गंमत वाटते हे वाचून. टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरचा माणूस, कायद्याने त्याला बंदी नसेल तर, विनापरवाना पिस्तूल लावून फिरू शकतो. तेच न्यू जर्सीत केलं तर ५ ते १० वर्षं आत. एका राज्यातला हक्क दुसऱ्यात तुरुंग. भारतातही राज्यागणिक वेगळं आहे का?

निवृत्त_अंमलदार
नाही. कायदा केंद्राचा, सगळीकडे एकच. फक्त दार बदलतं. ठाणे, नवी मुंबईसारख्या आयुक्तालयात परवाना पोलीस आयुक्त देतात, इतरत्र जिल्हाधिकारी. म्हणूनच ह्यांचा कागद रत्नागिरीचा आणि बंदूक ठाण्यात, असा घोळ आहे.

वर्तकनगरवाले, वारस म्हणून परवाना स्वतःच्या नावावर मागता येतो, २०१६च्या नियमांत सोय आहे. खरं तर धारकाला ७० वर्षं झाली किंवा शस्त्र बाळगून २५ वर्षं झाली, की तो हयातीतच वारसाच्या नावाने करायला सांगू शकतो. वडिलांनी केलं असतं तर तुमची रविवारची झोप वाचली असती. पण ठाण्यात डुकरं नाहीत, तुम्हाला ती हवी कशाला? परवानाधारक विक्रेत्याला विकायची परवानगी मागा. जमा केलेलं मुदतीत सोडवलं किंवा विकलं नाही तर सरकारजमा होतं.

वर्तकनगरवाला
झालं, गुरुवारी. सोमवारी अर्ज दिला, पोच घेतली. गुरुवारी दोघे जण घरी आले. हवालदारांनी बंदूक बिजागरीपाशी उघडून दोन्ही नळ्यांतून खिडकीकडे बघितलं. रिकाम्या होत्या.

अडलं ते नंबराला. पुस्तिकेत शेवटचा आकडा ४, बंदुकीवर गंजाखाली १ दिसत होता. मला घाम फुटला. हवालदार म्हणाले थांबा, आणि आईकडून खोबरेल तेल मागून घेतलं. बोटाने चोळत बसले, दहा मिनिटं तरी. हळूहळू १ च्या डावीकडची तिरकी रेघ वर आली आणि ४ झाला. मावशी, पावतीवर "काडतुसे ९ नग" लिहून घेतलंय, उठायच्या आधी.

आता विक्रीच्या परवानगीसाठी रत्नागिरीला अर्ज टाकतोय, होईल तेव्हा कळवतो. लुगडं तेवढं परत मिळालं. आईने दोनदा धुतलं, तरी तेलाचा डाग जात नाहीये.