मदत हवी आहे: पणजी-फोंडा डीएफएस रेप्लिकेशन बंद, इव्हेंट २२१३, रिझ्यूम करू का?

नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे.

आमचं आर्किटेक्टचं ऑफिस, मेन पणजीला पाटोवर आणि दुसरं फोंड्याला. दोन्हीकडे विंडोज सर्व्हर २०१२ (हो, सपोर्ट ऑक्टोबर २०२३ लाच संपला, बॉसना सांगून तोंड दुखलं), मध्ये व्हीपीएन (इंटरनेटवरून दोन ऑफिसं जोडणारी खाजगी लाइन), आणि ड्रॉइंगचा फोल्डर डीएफएस रेप्लिकेशनवर, म्हणजे दोन्ही सर्व्हरवरच्या कॉप्या विंडोज आपोआप सारख्या ठेवतं. जूनमध्ये गडगडाटात फोंड्याची लाइट गेली, यूपीएसची बॅटरी मेलेलीच होती, सर्व्हर धाडकन बंद. परत चालू झाला, शेअर उघडतोय, सर्व्हिस रनिंग दाखवतेय, पिंग जातोय, मग कोणाला कशाला संशय येईल, फोंड्याची माणसं तिथल्या कॉपीवर आणि आम्ही इथल्या कॉपीवर कामं करत राहिलो. परवा पंचायतीत द्यायचा प्लॅन पणजीत उघडला तर बाल्कनी अजून सेटबॅकमध्येच (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा)! फोंड्याच्या पोरीने ती जुलैतच मागे घेतली होती.

फोंड्याच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदी दिसतात तिथे) डीएफएस रेप्लिकेशनच्या लॉगला २२१३ नंबरची नोंद आहे, डेटाबेस नीट बंद झाला नाही म्हणून डी ड्राइव्हचं रेप्लिकेशन थांबवलंय असं म्हणतो आणि खाली रिझ्यूमची, म्हणजे रेप्लिकेशन परत चालू करायची डब्ल्यूएमआय कमांड दिलीय. मारू का? भीती एवढीच की पणजीच्या जुन्या फाइल्स फोंड्याच्या नव्यांवर बसल्या तर चवथीला घरी जायची सोय राहणार नाही. आणि अजून एक, ऑटोकॅडच्या बाक फाइल्स (ड्रॉइंगच्या .bak बॅकअप कॉप्या) आधीपासूनच इकडून तिकडे जात नाहीत, तो वेगळा प्रॉब्लेम का?

प्रतिसाद:
कमांड मारा बिनधास्त. त्यात व्हॉल्यूमचा जीयूआयडी (ड्राइव्हचा ओळख क्रमांक) भरलेला असतो, कॉपी-पेस्ट करायचं. रिकव्हरी झाली की लॉगमध्ये इव्हेंट २२१४ येतो. आमच्याकडे मडगावला दर पावसाळ्यात एकदा होतं.

प्रतिसाद:
थांबा थांबा. वरच्या दादांचं बरोबर आहे पण ते लगेच लक्षात आलं तर. २०१२ मध्ये ६० दिवसांची मर्यादा असते, फोल्डर त्याहून जास्त दिवस तुटलेला असेल तर इव्हेंट ४०१२ येतो आणि तो फोल्डर सिंकच होत नाही. जून ते आता म्हणजे तुमचे ६० उलटलेत. काही जण ती मर्यादाच वाढवून टाकतात, ते करू नका, शिळा माल सगळीकडे पसरतो.

मग फोंड्याला रेप्लिकेशनच्या ग्रुपमधून काढून परत जोडावं लागतं, आणि खरा धोका तिथेच आहे. पहिल्या सिंकमध्ये पणजीचीच कॉपी खरी धरतात, फाइलची तारीख बघतच नाहीत. फोंड्याच्या वेगळ्या फाइल्स कॉन्फ्लिक्ट अँड डिलीटेड नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये जातात, आणि त्याला कोटा असतो, भरला की जुन्या उडतात. फक्त फोंड्यातच असलेल्या प्रीएक्झिस्टिंग नावाच्या फोल्डरमध्ये जातात. म्हणजे बाल्कनी परत सेटबॅकमध्ये!

तेव्हा आधी फोंड्याचा पूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर. मग रोबोकॉपी (विंडोजची फाइल कॉपी करायची कमांड) नुसत्या लिस्टच्या मोडमध्ये चालवून कुठली फाइल कुठे नवी ते काढा. एकाच बाजूला बदललेल्या सोप्या, नवी ती पणजीत आणायची. दोन्हीकडे हात लागलेल्या फाइल्स मात्र ज्यांनी काढल्यात त्यांनाच बसून बघायला सांगा, ते आयटीचं काम नव्हे. पणजीची कॉपी पक्की झाली की मगच फोंड्याला काढून पुन्हा जोडा. पणजीचा माल परमिशनसकट आधी फोंड्यात कॉपी करून ठेवलात तर सारख्या फाइल्स व्हीपीएनवरून परत ओढाव्या लागत नाहीत.

बाक फाइल्सचा प्रॉब्लेम नाहीच. टिल्डने सुरू होणाऱ्या, बाक आणि टीएमपी डिफॉल्ट फिल्टरमध्येच वगळलेल्या असतात. हव्याच असतील तर फिल्टरमधून बाक काढा.

धागाकर्ता:
बाप रे, कमांड मारली नाही ते बरं. लिस्ट काढली, दोन्हीकडे बदललेल्या थोड्याच आहेत, पोरीला उद्या पणजीत बोलावलंय. स्टेजिंगचं (फाइल पाठवण्याआधी तयार ठेवायचा तात्पुरता फोल्डर) काही बघू का? ते भरल्याचे आणि साफ केल्याचे इव्हेंट ४२०२ आणि ४२०४ पण बरेच दिसतात.

प्रतिसाद:
बघाच. स्टेजिंगचा कोटा डिफॉल्ट ४ जीबी असतो, स्कॅन केलेल्या नकाशांना पुरत नाही, ९० टक्के भरला की साफसफाई सुरू होते आणि सगळं रांगेत अडकतं. फोल्डरमधल्या सगळ्यात मोठ्या ३२ फाइल्सची बेरीज करा, निदान तेवढा ठेवा. परत जोडायच्या आधीच वाढवा. आणि बॅटरी बदला हो.