लोणा लागलेल्या भिंतीला सिमेंट नको, चुनाच

परभणीच्या जुन्या दगड-मातीच्या घरात भिंतीचे खालचे तीन फूट सारखे पोपडे धरतात, त्यावर सिमेंटचा गिलावा आणि पुट्टी करा असा सल्ला कुणीतरी दिलाय. कृपा करून ते करू नका. जमिनीतली ओल भिंतीत चढते. सिमेंटने तिची वाट बंद झाली की ती आणखी वर सरकते, क्षार (म्हणजेच लोणा) मागे साठतात आणि गिलावा फुगून सुटतो.

ओलीच्या रेषेच्या वर दीड फुटापर्यंत जुना गिलावा काढा, दगडांमधल्या दरजा (सांधे) पाऊण इंच उकरा. लोणा कोरड्या ब्रशनेच झाडा. धुतला तर विरघळून परत आत जातो. मग नवा गिलावा: मुरवलेला चुना १ भाग, चाळलेली वाळू २ भाग, विटांची सुरखी (भुकटी) १ भाग. थर अर्ध्या इंचाहून जाड नको, पहिला घट्ट झाल्यावरच दुसरा. आठवडाभर ओलं गोणपाट हवंच. एप्रिल-मेच्या उन्हात हे काम काढू नका, चुना धरण्याआधीच वाळतो. वरून चुन्याची सफेदी, ऑइलपेंट नाही.

माळवद (मातीचं सपाट छत) गळत असेल तर आधी तेच: पावसाळ्यापूर्वी पांढऱ्या मातीचा थर चोपून उतार पन्हाळीकडे काढा.