जीआय मिळालं म्हणजे विणकर वाचला?

एकांनी लिहिलंय, की पैठणीला जीआय मानांकन (म्हणजे ठरावीक भागातल्या खऱ्या मालालाच ते नाव वापरता यावं म्हणून दिलेली भौगोलिक ओळख) मिळालं, आता विणकरांची काळजी नको. मला हे पटत नाही. मानांकन नाव जपतं, मजुरी वाढवत नाही. शिवाय ते अधिकृतपणे वापरायला विणकराला स्वतःची वेगळी नोंदणी करावी लागते. व्यापाऱ्याकडून रेशीम-जर घेऊन मजुरीवर विणणाऱ्याला त्याचा उपयोग किती?

खरी पैठणी महाग का, हे गिऱ्हाइकाला कळणं जास्त गरजेचं आहे. पदरावरच्या मोरात जितके रंग, तितक्या वेगळ्या कांड्या, म्हणजे धागा गुंडाळलेल्या छोट्या नळ्या. प्रत्येक रंगाचा धागा हाताने तेवढ्याच जागेत फिरवायचा, शेजारच्या रंगाशी गुंतवायचा आणि परत आणायचा. म्हणून पदर बोटाबोटाने पुढे सरकतो. साडी उलटी करून बघा: अशा हाताने गुंतवलेल्या नक्षीत मोर मागूनही तसाच स्वच्छ दिसतो. जकार्डवरच्या (नक्षीचे धागे आपोआप उचलणाऱ्या यंत्रावरच्या) नकलेत मागे सुटे किंवा कापलेले धागे दिसतात.

आणि कांड्या भरणारे हात बहुतेक घरातल्या बायकांचे असतात. (त्यांची मजुरी हिशेबात धरलेली मी तरी क्वचितच पाहिली.) पैठणी विणणाऱ्या येवल्याला गेलात तर साडीच्या किमतीबरोबर हेही विचारा, विणणाऱ्याच्या हाती त्यातले किती पडतात.