भिंतीवर शोभेच्या प्लेट टांगायच्या आहेत (मुंबई, नवी इमारत, काँक्रीटच्या भिंती) – मदत हवी आहे

हॉलच्या भिंतीवर सात प्लेट टांगायच्या आहेत आणि त्यातली एकही पडून चालणार नाही. पुन्हा मिळतील अशा त्या नाहीत. म्हणून ड्रिलवाल्याला बोलवायच्या आधी इथे विचारते आहे. ज्यांनी स्वतः हे काम केलंय त्यांनी जरूर लिहा.

आधी प्लेट कशा आहेत ते सांगते. तीन चिनी मातीच्या, १० इंची, पांढऱ्यावर निळं चित्र: पूल, पुलावर माणसं, वाकलेलं झाड आणि वर आकाशात दोन पक्षी. या सासूबाईंच्या माहेरून आलेल्या आणि त्यांच्याही आधीपासून घरात असलेल्या. त्यातल्या एकीला काठापासून आत गेलेली केसासारखी चीर आहे. नखाला लागत नाही, पण चहा मुरल्यासारखी तपकिरी दिसते. दोन प्लेट जयपूरच्या ब्लू पॉटरीच्या, ८ इंची, मागून खरखरीत. एक सावंतवाडीची लाकडी, लाखकामाची, मधोमध दशावतारी गंजिफासारखा (हाताने रंगवलेल्या जुन्या गोल पत्त्यांसारखा) मत्स्यावतार. आणि एक पितळी थाळी, १४ इंची, काठाला ठोक्याची नक्षी. ती काट्यावर ठेवली तर सव्वादोन किलो भरली.

घर गिरगावातलं. चाळीच्या जागी टॉवर झाला, त्यात १४ व्या मजल्यावर. चाळीत भिंती विटांच्या, चुन्याच्या गिलाव्याच्या. सासऱ्यांनी लाकडी गुट्ट्या ठोकून त्यात खिळे मारले होते आणि जड तसबिरी वर्षानुवर्षं हलल्या नाहीत. इथे स्टीलचा खिळासुद्धा वाकतो. साइटवरचा माणूस म्हणाला, ‘मायवान’ आहे, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेली अख्खी काँक्रीटची भिंत.

जागा तीन सुचताहेत. एक, पश्चिमेची बाहेरची भिंत. उजेड छान येतो, पण पावसाळ्यात खालच्या कोपऱ्यात रंगाला फुगे आले होते. दोन, हॉल आणि बाथरूममधली भिंत. तीन, हॉल आणि बेडरूममधली, जिच्या एका टोकाला स्विचबोर्ड आहे आणि खाली सोफा. सासूबाईंना पश्चिमेची आवडते, कारण त्यांच्या खुर्चीतून तीच समोर दिसते.

टांगायचे प्रकार शोधले तेव्हा स्प्रिंगचे वायर हँगर, मागे चिकटवायच्या चकत्या, दुतर्फा चिकटपट्ट्या आणि अरल्डाइटने मागे कडी चिकटवणं एवढं सापडलं. सगळ्या प्लेटना एकच उपाय चालेल का? चीर गेलेली टांगावी का? आणि जागा कुठली धरू?

सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. चाळ सोडल्यापासून या प्लेट वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर आहेत आणि त्या मला मधूनमधून विचारतात, ‘नीट आहेत ना गं?’ मला त्या त्यांच्या डोळ्यांसमोर हव्या आहेत.

हौशी सुतार

ताई, आधी जागा ठरवा, बाकी सोपं आहे.

पश्चिमेची भिंत नको. मुंबईत पावसाचा मारा त्याच बाजूने असतो. एकदा रंगाला फुगे आले म्हणजे ओल आत आहे. तिथे चिकटवलेलं काहीही टिकणार नाही, आणि बाहेरच्या भिंतीला भोकं कमी पाडलेली बरी. बाथरूमची भिंत तर अजिबात नको. आतून नळाचे, शॉवरचे पाइप भिंतीतून गेलेले असतात आणि पलीकडचं वॉटरप्रूफिंगही दुखावतं.

तिसरी भिंत घ्या. मात्र स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली आणि त्याच उंचीवर आडव्या पट्ट्यात भोक पाडायचं नाही. वायरचे पाइप साधारण त्याच रेषांत जातात. बोर्डापासून हात-दीड हात लांब राहा.

काँक्रीटला साधं ड्रिल चालत नाही, हॅमर ड्रिलच लागतं. ६ मिमीचा बिट, ६ मिमीचा नायलॉनचा प्लग, ३५ मिमीचा स्क्रू. भोक पाडताना भुकटीकडे लक्ष ठेवा. आधी पांढरी मऊ पूड येते ती जिप्समची. तो थर जेमतेम अर्धा इंच असतो आणि त्याला काही धरवत नाही. मग करडी भुकटी आणि कामाचा वेग कमी, म्हणजे काँक्रीट लागलं. प्लग त्या काँक्रीटमध्ये रुतला पाहिजे. लाल भुकटी आली तर वीट. पांढरीच येत राहिली आणि बिट लोण्यासारखा आत गेला तर सिपोरेक्सचा, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचा ब्लॉक. तिथे हॅमर बंद ठेवून भोक पाडायचं आणि प्लग लांब घ्यायचा. मध्येच बिट अडून ठणठण वाजला तर सळई लागली, जोर न करता इंचभर सरका. नंतर भोकातली भुकटी फुंकून काढा, नाहीतर प्लग पूर्ण आत जात नाही.

मायवानच्या इमारतीतही एखादी आतली भिंत ब्लॉकची असू शकते, म्हणून पहिलं भोक प्लेटच्या मागे झाकलं जाईल अशाच जागी पाडा.

परळची

मी पण वाचतेय. आमच्याकडे भाड्याचं घर आहे, भोकं पाडायला मालकांची परवानगी नाही. चिकटपट्ट्यांबद्दल कोणी सांगेल का?

काचसामान

या तीन निळ्या प्लेटचं वर्णन वाचून आनंद झाला. त्याला विलो पॅटर्न म्हणतात. चित्र चिनी वाटतं, पण ते इंग्लंडमध्ये १७९० च्या सुमारास तयार झालं आणि मग तिथल्या अनेक कारखान्यांनी ते छापलं. मागे शिक्का आहे का बघा. ‘इंग्लंड’ असं लिहिलेलं असेल तर बहुधा १८९१ नंतरची, कारण त्या वर्षापासून अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं भाग पडलं. ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर सहसा विसाव्या शतकातली. मागच्या बाजूचा फोटो आत्ताच काढून ठेवा.

आता टांगण्याचं. सगळ्यांना एकच उपाय चालणार नाही.

आधी प्रत्येक प्लेट तीन बोटांच्या टोकांवर आडवी धरून काठावर नखाने हलकी टिचकी मारा. बाजारात मडकं वाजवून घेतो तसंच. खणखणीत वाजली तर ठीक. बद्द वाजली तर चीर आत गेलेली आहे, दिसो वा न दिसो. तुमची चीर गेलेली प्लेट नक्की बद्द वाजेल. तिला स्प्रिंगचा हँगर अजिबात लावू नका. तो चारही बाजूंनी काठाला सतत ओढून धरतो आणि चीर रोज थोडी थोडी उघडते.

धड असलेल्या दोन विलो प्लेटना चिकट चकती चांगली. चकतीच्या गोंदाच्या बाजूला पाणी लावायचं, पाचेक मिनिटं थांबून तो चिकचिकीत झाला की प्लेटच्या स्वच्छ, कोरड्या पाठीवर दाबून बसवायची आणि पूर्ण एक दिवस हात लावायचा नाही. प्लेटच्या वजनाला पुरेल अशी घ्या, पाकिटावर लिहिलेलं असतं. टांगण्याआधी गादीवर धरून चकतीची कडी जोरात ओढून बघा. काढायची झाली तर कोमट पाण्यात भिजवली की सुटते. शिक्क्याची काळजी नको, छाप झिलईच्या खाली असेल तर त्याला काही होत नाही.

ब्लू पॉटरीला चकती नको. ती आपल्या नेहमीच्या मातीची नसते. क्वार्ट्झची पूड, काच आणि मुलतानी माती यांच्या मिश्रणाची असते. मागे झिलई नसेल तर गोंद त्या खरखरीत थराला चिकटतो आणि पुढे तो थरच सुटून येतो. तिला वायर हँगर, पण सैलसर, म्हणजे स्प्रिंग जेमतेम ताणली जाईल अशा मापाचा. आकड्यांवर इलेक्ट्रिशियनकडची प्लॅस्टिकची स्लीव्ह चढवा, म्हणजे धातू काठाला टेकत नाही.

कामवाला बंदा

एवढा खटाटोप कशाला? अरल्डाइट लावून मागे कडी चिकटवा. माझ्याकडे बरीच वर्षं टिकलंय. एम-सीलने पण होतं.

काचसामान

टिकतं हे खरं आहे, दादा, आणि भीती त्याचीच आहे. अरल्डाइट काढायला गेलं की झिलई घेऊनच येतं. रोजच्या वापरातल्या प्लेटला लावा, माझी हरकत नाही. पण शंभर वर्षांच्या घरच्या वस्तूला जे लावाल ते उद्या काढता आलं पाहिजे. पुढच्या पिढीला ती भिंतीवर नको असेल, ताटात हवी असेल.

परळची ताई, चिकटपट्ट्या गुळगुळीत रंगावर, हलक्या वस्तूला ठीक आहेत. भिंत स्पिरिटने पुसून घ्या. ताजा रंग असेल तर आठवडाभर थांबा. पण नाजूक किंवा पुन्हा न मिळणारी वस्तू त्यावर टांगू नका, असं बनवणारेच सांगतात. पलंगाच्या डोक्याशी तर नकोच.

मावशी माटुंग्याच्या

अगं, चीर गेलेलीला टांगूच नकोस. तिच्यासाठी भिंतीला लाकडाची अरुंद फळी कर, तीन इंच रुंद, पुढे छोटी पट्टी आणि वर उभी खाच. जुन्या स्वयंपाकघरात मांडणीवर ताटं उभी राहायची तशी ती खाचेत उभी राहील. वजन बुडावर येतं, काठावर ओढ नाही. आमच्या घरी अशा फळीवर चार बश्या आहेत. नातवंडं घरभर चेंडू खेळतात म्हणून मी पुढे पितळी गज लावून घेतलाय.

आणि सोफ्याच्या वर टांगणार असशील तर पितळी थाळी तिथे नको गं. कोणाच्या डोक्यावर सव्वादोन किलो कशाला? ती दाराजवळच्या भागात घे. सावंतवाडीची लाकडी मात्र थेट उन्हात येऊ देऊ नकोस, पश्चिमेच्या उन्हाने रंग उडतो.

हौशी सुतार

मावशींशी सहमत. लाकडी प्लेटला मागे छोटी रिंग लावता येईल, पण आधी जाडी मोजा. स्क्रू जाडीच्या निम्म्यापेक्षा लांब नको, नाहीतर पुढे मत्स्याच्या पोटातून बाहेर यायचा. जाडी कमी असेल तर स्लीव्ह चढवलेला वायर हँगर.

आखणी भिंतीवर करू नका, जमिनीवर करा. प्रत्येक प्लेट वर्तमानपत्रावर ठेवून गोल कापा, मागे हँगरची कडी नेमकी कुठे येते तिथे फुली मारा. कडी काठाच्या किती खाली येते हे प्रत्येक प्लेटचं वेगळं असतं आणि बहुतेकांची भोकं तिथेच वर-खाली होतात. मग कागद रंगाऱ्याच्या टेपने भिंतीला लावून दोन दिवस राहू द्या. घरातले सगळे येता-जाता सांगतील, हे डावीकडे घ्या, ते खाली घ्या. सगळ्यांचं पटलं की फुलीवरच भोक पाडा, कागद नंतर फाडा.

मांडणीचा मध्य जमिनीपासून १४५ सेंटीमीटरच्या आसपास धरतात, ती उभ्या माणसाच्या नजरेची उंची. पण तुमच्याकडे बघणाऱ्या आजी खुर्चीत बसून बघणार. थोडं खाली आणा. दोन प्लेटमध्ये दोन-अडीच इंच अंतर पुरतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. तुम्ही लिहिलंत म्हणून आज दुपारी प्लेट माळ्यावरून काढल्या आणि सासूबाईंसमोर एकेक वाजवून पाहिली. दोन विलो खणखणीत. चीर गेलेली खरंच बद्द वाजते, दोन्हींतला फरक त्यांनाही लगेच ऐकू आला, कानाला यंत्र असूनसुद्धा. मागे ‘इंग्लंड’ एवढाच शिक्का आहे, त्याच्यावर मुकुट. ब्लू पॉटरीतली एक मागे कोरडी खडूसारखी आहे, बोटाला पांढरं लागतं.

तर असं ठरतंय: बेडरूमची भिंत. दोन विलो चकतीवर, दोन ब्लू पॉटरी सैल वायरवर, मत्स्यावतार वायरवर, चीर गेलेली मावशींच्या फळीवर, थाळी दाराजवळ. सासूबाईंची खुर्चीच फिरवून त्या भिंतीसमोर आणते. त्यांना विचारलं, त्यांची ना नाही.

दोन शंका राहिल्या. गिरगावात समुद्राच्या हवेने लोखंडी वायर गंजेल ना? आणि १४ इंची थाळीला पुरेल असा हँगर मुंबईत कुठे मिळेल?

काचसामान

गंजेल, आणि गंजाचे तपकिरी ओघळ पांढऱ्या काठावर उतरतील. पितळी मुलाम्यावर जाऊ नका, आत लोखंड असतं. चुंबक लावून बघा. स्टेनलेस स्टीलची घ्या. प्लेटच्या मागे खालच्या बाजूला फेल्टचे दोन छोटे ठिपके चिकटवा. भिंतीला डाग पडत नाही, मागून हवा खेळते आणि प्लेट तिरकी होत नाही. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, सगळ्या उतरवून हँगर तपासा. भिंतीवर असताना पुसू नका, पुसताना आकडा सुटतो.

हौशी सुतार

तयार हँगर शोधत बसण्यापेक्षा थाळीसाठी नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात जाऊन स्टेनलेस स्टीलची जाड तार घ्या आणि तीन आकड्यांचा पकड-हँगर वाकवून घ्या: दोन खाली, एक वर. पितळेला स्प्रिंगची गरज नाही, ते चिरत नाही. थाळीला एकच भोक नको, चार इंचांवर दोन घ्या, म्हणजे ती फिरणार नाही. स्क्रू मात्र ५० मिमीचे. आणि ड्रिलवाल्याला आणायच्या आधी सोसायटीत दुपारची विश्रांतीची वेळ विचारून घ्या.