मदत हवी आहे: अँजिओप्लास्टीची वायर तुटून आत राहिली, काढावी का?

रानजाई: गेल्या गुरुवारी बाबांची (वय 68) अँजिओप्लास्टी झाली. वायर तुटली आणि तुकडा आतच राहिला. डॉक्टर म्हणतात काही होणार नाही. काका म्हणतात बायपास करून काढून घ्या. कुणाचं ऐकू? लवकर सांगा, चार रात्री डोळ्याला डोळा नाही.

कोकणकडा: कुठल्या रक्तवाहिनीत? स्टेंट, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसवला का? छातीत दुखतंय का आता? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

शेवंती: ताई, अजिबात आत ठेवू नका! माझ्या सासऱ्यांची अशीच अडकली होती. त्याच टेबलावर स्नेअरने, म्हणजे तारेच्या फासाने, ओढून काढली. तिसऱ्या दिवशी घरी आले.

रात्रपाळी: कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत, 14 वर्षं टेक्निशियन आहे. शेवंतीताई, तुमच्याकडे फासात सापडेल असं मोकळं टोक होतं. दर वेळी नसतं. स्टेंट जिच्यावरून आत सरकवतात ती ही वायर 0.014 इंच जाड, मिलिमीटरच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढी. जोर लावला तर टोकावरचं वेटोळं स्वेटरच्या लोकरीसारखं उसवत येतं. रानजाई, डिस्चार्ज कार्डावर काय लिहिलंय?

हिशेबी: स्टेंटचे किती लावले? 2017 पासून सरकारने किमतीला मर्यादा घातली आहे. बिल बघा.

कोकणकडा: बिलाचं कुणी विचारलंय इथे?

हिशेबी: विचारलं नाही म्हणून सांगायचं नाही? आमचे पैसे गेले तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं.

रानजाई: कार्ड मिळालं. एलएडीत स्टेंट, डायगोनलमध्ये वायर, पुढचं अक्षर लागत नाही. दुखत नाही, घरात फिरतात. सीडी दिली आहे पण उघडत नाही. काढायची की नाही एवढंच सांगा ना!

रात्रपाळी: एलएडी ही हृदयाच्या पुढच्या बाजूची मोठी रक्तवाहिनी, डायगोनल तिची फांदी. म्हणजे दुफाट्यावरची केस. मोठ्या वाहिनीत स्टेंट फुगवताना फांदी बंद पडू नये म्हणून तिच्यात एक वायर ठेवतात. ती स्टेंट आणि भिंतीच्या मध्ये दाबली जाते. नंतर ओढून काढतात, क्वचित तिथेच तुटते. तुकडा स्टेंटखाली पक्का दबला असेल तर बऱ्याचदा तसाच ठेवतात, कारण ओढताना स्टेंटच चेपू शकतो. पण मागचं टोक कुठे आहे ते विचारा. ते महाधमनीत लोंबत असेल तर त्यावर गुठळी धरू शकते आणि ती मेंदूकडे जाऊ शकते. मग काढायचा विचार करावाच लागतो. सीडी डायकॉम व्ह्यूअरमध्ये, म्हणजे असे वैद्यकीय फोटो उघडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडेल. मात्र वायरचं पुढचं तीनेक सेंटिमीटर टोकच ठळक दिसतं, बाकीची पुसट. काळी रेघ संपली म्हणजे तुकडा संपला असं धरू नका.

देवराई: सोबत अर्जुनाच्या सालीचा काढा सुरू करा. आमच्याकडे तिघांना गुण आला.

रात्रपाळी: कृपा करून डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही देऊ नका. अ‍ॅस्पिरिन आणि गुठळी होऊ नये म्हणून दिलेली जोडीची दुसरी गोळी एक दिवसही चुकवायची नाही.

शेवंती: पुढे एमआरआय लागला तर?

रात्रपाळी: आत तुकडा आहे हे आधी सांगायचं, कार्ड दाखवायचं.

रानजाई: उद्या साडेदहाची वेळ मिळाली. डॉक्टर म्हणाले, सीडी आणा, स्क्रीनवर दाखवतो. ‘मागचं टोक कुठे?’ कार्डाच्या मागेच लिहून ठेवलंय. हिशेबी, बिल भावाकडे आहे, त्याला बघायला सांगते. काका अजून बायपासवरच अडून आहेत, त्यांनाही सोबत नेते.