टोमॅटोच्या फुटव्याला पाण्यात मुळं येतात, कुंडीत लावलं की मान टाकतो. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी इंदूरला, सुदामा नगरात राहते. गच्चीवर पंधरा-वीस कुंड्या आहेत आणि त्यातल्या एका टोमॅटोपायी सध्या जीव टांगणीला लागलाय.

हे झाड सासूबाईंच्या बियाण्याचं. चपटी, खाचा पडलेली, पातळ सालीची आणि चांगली आंबट फळं. आमच्याकडे सार ह्याच टोमॅटोचं व्हायचं. दरवर्षी त्या एक पिकलेलं फळ राखून त्याचं बी राखेत घोळवून डबीत ठेवायच्या. मागच्या वर्षी त्या गेल्या. उन्हाळ्यात घराला रंग दिला, त्या आवराआवरीत डबीही हरवली. फेब्रुवारीत लावलेलं हे एकच झाड उरलंय. नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, तगलं, पण फुलं सगळी गळली. पावसाळ्यात खालची पानं करप्यानं गेली. फळ एकही नाही, म्हणजे बी धरायचीही सोय नाही. म्हणून थंडीच्या आत फुटव्यांपासून दोन-चार रोपं करायची आहेत.

पान आणि खोडाच्या बेचक्यातून निघालेले वीतभर लांबीचे ६ फुटवे काढले. ४ काचेच्या ग्लासात ठेवले, २ सरळ कुंडीत खोचले. नर्मदेचं नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून मगच वापरलं. पाचव्या दिवशी खोडावर बारीक पांढरे फोड दिसले, आठव्या दिवशी त्यातून शेवयांसारखी मुळं. मी आणखी वाढू दिली. दोन आठवड्यांनी बोटभर लांब झाल्यावर काळ्या मातीत गांडूळखत मिसळून लावली आणि भरपूर पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी दुपारी चौघांनीही माना टाकल्या. संध्याकाळी जरा सावरली, तिसऱ्या दिवशी उठलीच नाहीत. एक उपटून पाहिलं. मूळ तपकिरी, बुळबुळीत. चिमटीत धरून ओढलं की वरचं साल सुटून हातात येई आणि आत नुसता दोरा उरे.

कुंडीत खोचलेल्या दोनांपैकी एक सडलं. दुसरं उभं आहे, पण इतक्या दिवसांत नवं पान नाही.

माझं नेमकं चुकलं कुठे? झाडाच्या शेंड्याकडच्या दोन फुटव्यांची पानं बारीक, कडेनं पिवळी आणि वर वळलेली आहेत, फांदी हलवली की पांढऱ्या माश्या उडतात; ते घेतले तर चालतील का? आणि म्हाताऱ्या झाडाच्या फांदीपासून केलेलं रोपही म्हातारंच निघतं का?

प्रतिसाद:

ताई, मी देवासला असतो, माती आपली एकच. साल सुटून आत दोरा उरतो म्हणजे मुळं कुजली. आपली काळी माती भिजली की चिखलासारखी बसते, आत हवा राहत नाही. पाण्यात फुटलेली मुळं आधीच नाजूक, ती त्यात गुदमरली. मुळं २-३ सेंटिमीटर झाली की लगेच हलवायचं, जास्त थांबायचं नाही. तळाला भोक पाडलेला कागदी कप घ्या. त्यात निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), बाकी जाड वाळू आणि थोडं गांडूळखत. काळी माती अजिबात नको. वरची दोन-तीन पानं ठेवून बाकी काढा, कळ्या असतील तर त्याही खुडा. उघडं खोड पुरेल इतकं खोल लावा, टोमॅटोला पुरलेल्या खोडातून मुळं फुटतात. चार-पाच दिवस उजेड पण सावली, मग सकाळचं ऊन. वरचा थर सुकला तरच पाणी.

कुंडीतलं उकरून पाहू नका. शेंडा ताठ आहे तोवर आशा आहे, आधी मुळं धरू द्या.

वळलेले फुटवे मात्र घेऊ नका. लक्षणं पर्णगुच्छाची, म्हणजे पानं आकसून वळवणाऱ्या विषाणूची वाटतात. हा विषाणू पांढरी माशी पसरवते आणि तो अख्ख्या झाडात फिरतो, म्हणजे आज निरोगी दिसणाऱ्या फुटव्यातही असू शकतो. खालच्या बाजूचे, सपाट हिरव्या पानांचे फुटवे घ्या, रोपं मूळ झाडापासून लांब, बारीक जाळीखाली ठेवा आणि तीन-चार आठवडे पानांवर नजर ठेवा. एखादं वळायला लागलं तर मोह न धरता काढून टाका. झाडाशेजारी पिवळे चिकट सापळे लावा. सापळ्यांनी माश्या कमी होतात, रोग बरा होत नाही.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, रोप म्हातारं निघत नाही. फुटव्याचं रोप म्हणजे तेच झाड, फळही तेच. बियांच्या रोपापेक्षा फुलं लवकर येतात. दिवसा ३५ अंशांच्या वर गेलं आणि रात्रीही उकडत राहिलं की फुलं गळतात, तुमच्या उन्हाळ्यात तेच झालं. रात्री गार झाल्या की फळ धरेल.

मूळ प्रश्नकर्ती:

दादा, मनापासून आभार. विषाणूचं वाचून पोटात खड्डा पडला, पण कळलं ते बरं झालं. आज सकाळी खालून ५ फुटवे काढले, सगळ्यांची पानं सपाट आहेत. ३ पाण्यात, २ थेट कपात. जिन्यातल्या खिडकीपाशी मच्छरदाणीचा तुकडा बांधून आत ठेवलेत, झाड गच्चीच्या दुसऱ्या टोकाला हलवलं.

ह्यातलं एक जरी जगलं तरी पहिलं फळ तोडणार नाही, झाडावरच मऊ होऊ देणार, बियांसाठी. आता घरात चूल नाही, राख कुठून आणू? राखेशिवाय बी टिकवायचं असेल तर काय करता तुम्ही?