'फ्लायबाय'ला 'धावती भेट' म्हणावं का?

गुरू-शनीच्या चंद्रांकडे गेलेल्या यानांवर लेख लिहितोय. ऑर्बिटरला, म्हणजे भोवती फिरत राहणाऱ्या यानाला, 'परिभ्रमक' लिहून मोकळा झालो, पण फ्लायबायपाशी (यान न थांबता जवळून निघून जातं, ते) अडलोय. 'निकट-उड्डाण' वाचलं की विमानच डोळ्यांसमोर येतं. 'धावती भेट' कसं वाटतं?

---

व्हॉयेजर-२ यानासाठी चपखल! १९८९ च्या ऑगस्टमध्ये ते नेपच्यूनच्या ट्रायटन या चंद्राजवळून गेलं ते गेलंच, थांबायची सोयच नव्हती. पण युरोपा क्लिपरचं काय करणार? ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेलं हे यान गुरूच्या युरोपा या चंद्राजवळून ४९ वेळा जायचंय. एवढ्या वेळा झाल्यावर तिला धावती भेट कोण म्हणेल? त्याला जाणं-येणं म्हणतात.

शिवाय ते प्रदक्षिणा घालणार गुरूला, युरोपाला नव्हे. युरोपाभोवतीच फिरत राहिलं तर गुरूच्या पट्ट्यातल्या तीव्र किरणोत्सर्गाने उपकरणं लवकर निकामी होतील. म्हणून जवळ जायचं, मोजमापं घ्यायची, लांब पळायचं. मी 'खेप' सुचवेन.

---

खेपेला ओझं लागतं हो. पाण्याची खेप, विटांची खेप.

---

ओझं आहे की! जवळ असताना माहिती साठवायची आणि लांब गेल्यावर निवांत पृथ्वीकडे पाठवायची, हेच तर त्याचं काम. '४९ खेपा' मला आवडलं.

---

थोडं विषयांतर. लेखात 'चंद्र' लिहिताय ते बरंय, 'उपग्रह' टाळाच. जूस हे यान २०३४ मध्ये गुरूच्या गॅनिमीड या चंद्राभोवतीच्या कक्षेत जायचंय. आपला चंद्र सोडून दुसऱ्या एखाद्या चंद्राभोवती यान फिरण्याची ती पहिलीच वेळ असेल. म्हणजे गुरूच्या उपग्रहाचा कृत्रिम उपग्रह! वाचणारा गरगरेल. तसं पाहिलं तर 'सॅटेलाइट'च्या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'सोबत चालणारा सेवक, रक्षक'. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने तो गुरूच्या चंद्रांना लावला, यानांना तो फार उशिरा चिकटला. मराठीत दोघांनाही 'उपग्रह'च म्हणायची वेळ आली.

---

आणि कॅसिनी यानाने शनीच्या टायटन या चंद्रावर सोडलेल्या हायगेन्सला काय म्हणू? 'अवतरक' लिहिलं होतं, पण ते वाचून मला अवतरणचिन्हंच आठवतात.

---

मुळात ते पूर्ण अर्थाने लँडर, म्हणजे जमिनीवर उतरून काम करणारं यान, नव्हतंच. १४ जानेवारी २००५ ला टायटनच्या दाट वातावरणातून पॅराशूटने सुमारे अडीच तास खाली येत होतं, आणि मुख्य काम त्या वातावरणाचीच तपासणी. खाली घट्ट जमीन लागेल की द्रव, हे बनवताना कुणालाच माहीत नव्हतं. टेकल्यावरही तासभर संदेश येत राहिले, ही वरकमाई. कॅसिनी 'मातृयान' आणि हायगेन्स 'शोधकुपी' असं लिहा. कुपी म्हटलं की आकारही कळतो आणि आत काहीतरी जपून ठेवलंय हेही.

---

'शोधकुपी' घेतला. क्लिपरला 'खेप', व्हॉयेजरला 'धावती भेट'. जूसच्या वाक्यात मात्र 'उपग्रहाचा उपग्रह' मुद्दाम ठेवणार आहे, गरगरू दे वाचणाऱ्याला.